नंदीच्या पोटाले पाणी

नळगंगेत मासा केव्हा गळाला लागणार हे माशाच्या आधी आपल्याला कळतं, असं शेषराव मोताळ्याच्या बाजारात सांगत. मासे तिथे हजर नसल्यामुळे कुणी खोडून काढत नसे. त्यांचं सगळं शास्त्र नदीतल्या दगडी नंदीवर उभं होतं. पाणी खुरांशी असलं तर मासा आळशी. वशिंडाला टेकलं तर नदी गढूळ, घरी जावं. बरोबर पोटाला लागलं की गळ टाकावा. मासा स्वतः वर येऊन चौकशी करतो.

शेषरावांना बंदुकीचं लायसन हवं होतं, कारण रानडुकरं त्यांची ज्वारी मालकी हक्कानं खात होती. लायसन बुलढाण्याच्या गोऱ्या साहेबाच्या हातात होतं आणि साहेबाचा जीव मासेमारीत. विलायतेत तो नदीची ओढ पाहिल्याशिवाय ट्राऊट माशाच्या वाटेला जात नसे. शेषरावांनी बुलढाण्याला जाऊन नंदीची महती गायली. शेपूट असलेली मोजपट्टी साहेबानं प्रथमच ऐकली. चार दिवसांनी तो त्यांच्याबरोबरच निघाला, आणि दोघे थेट नदीवर पोचले ते नेमके पोळ्याच्या सकाळी.

पाणी नंदीच्या पोटाला होतं. जरा मातकट दिसलं, पण नंदी समोर असताना स्वतःच्या डोळ्यांवर कोण विश्वास ठेवतो?

"मांडीइतकं पाणी हाय, साहेब. बिनघोर उतरा."

साहेब लांब बूट घालून उतरला. मांडी गेली, कंबर गेली, छाती गेली. मग टोपी एकटीच मलकापूरकडे निघाली आणि साहेबानं नंदीच्या गळ्याला मिठी मारली.

तेवढ्यात शेषरावांची बायको गोजरबाई बैल धुवायला घेऊन आली.

"अवं, पाणी तं पोटालेच हाय. मंग साहेब काऊन बुडून राह्यला?" शेषराव तिच्यावरच ओरडले.

"नंदी ओट्यावर हाय ना," गोजरबाई म्हणाली. "आपले बैल पोळ्याले कोरड्यात, अन् महादेवाचा बैल गाळात? तुमी बुलढाण्याले गेले, तवा पाणी कमी होतं. गावातल्या लोकाईकून कमरेइतका ओटा बांधून घेतला."

शेषरावांच्या डोळ्यांसमोरून बंदूक वाहून गेली. साहेबाला ओढायला बैल जुंपावा म्हणून ते धावले, तर गोजरबाई आडवी.

"आज पोळा हाय. बैल कामाले लावाचा नाही."

"मंग ओढन कोन?"

पोळ्याच्या बाजारात बैलाचे दात पाहावेत तसं तिनं नवऱ्याकडे पाहिलं. कासऱ्याचं एक टोक साहेबाकडे गेलं, दुसरं शेषरावांच्या खांद्यावर आलं.

"चाल राजा," ती म्हणाली. लग्नानंतर प्रथमच तिनं त्यांना राजा म्हटलं, तेही सवयीनं.

साहेब बाहेर निघाला, मनसोक्त खोकला आणि त्यानं सलाम केला तो फक्त गोजरबाईला. बैलांच्या खांदमळणीचं उरलेलं तूप-हळद संध्याकाळी शेषरावांच्या सोललेल्या खांद्याला लागलं.

पुढे लायसन आलं. गोजरबाईच्या नावावर.

रानडुक्कर शिरलं की शेषराव अजूनही डबाच बडवतात. बंदूक मागितली, तर ती शांतपणे म्हणते, "देतो ना. पाणी नंदीच्या पोटाले लागू द्या."

नंदी त्याच ओट्यावर उभा आहे. पूर आल्याशिवाय त्याच्या पोटाला पाणी लागत नाही, आणि पुरात डुकरं येत नाहीत.