विनासूचना थांबण्याची पद्धत

माणसाचं स्वतःच्या अवयवांवरचं प्रेम अंतरानुसार कमी होत जातं. चेहरा जवळ, म्हणून त्याला साबण, पावडर आणि आरसा. पाय सगळ्यांत लांब, म्हणून त्यांना मोजे. मोजे चढवले की पायांचा विषय संपतो.

मी वजनमापे निरीक्षक आहे. सत्तावीस वर्षं लोकांचे तराजू तपासतो. किलोमागे पाच ग्रॅम कमी भरले तर मला झोप लागत नाही. मधुमेह मला अकरा वर्षांपासून आहे आणि त्याची तपासणी मी दर तीन महिन्यांनी करतो (म्हणजे ती करायची असते हे मला दर तीन महिन्यांनी आठवतं).

दोन वर्षांपूर्वी बाजाराच्या रस्त्यावर चालताना माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला. थांबलो, दोन मिनिटांत गेला. पुढे दोनशे दहा पावलांवर परत आला. रोज दोनशे दहा. इतका वक्तशीरपणा मी कुठल्याही खात्यात पाहिलेला नाही. एखादा अडाणी माणूस उठून डॉक्टरकडे गेला असता. मी शिकलेला असल्याने कारणं शोधली: बूट, फरशी, वय आणि कामाचा ताण.

अडचण एकच होती. भर रस्त्यात उगाच थांबणं अधिकाऱ्याला शोभत नाही. म्हणून मी दुकानांसमोर थांबू लागलो. पहिला गोळा धान्यवाल्यासमोर यायचा, दुसरा खिळेवाल्यासमोर, तिसरा लोकरवाल्या बाईंसमोर. कळ आली की माझा चेहरा आपोआप कठोर व्हायचा आणि कुठेतरी बघायचं म्हणून मी समोरच्या तराजूकडे बघायचो. चौथ्या दिवशी धान्यवाल्याने वजनं बदलली. महिन्याभरात त्या रस्त्यावरच्या बावीस दुकानांपैकी एकोणीस दुकानांत माप चोख झालं. (उरलेल्यांपैकी दोन बंद होती आणि एक कुलपं विकत होतं.)

खात्याने मला प्रशस्तिपत्र दिलं: ‘विनासूचना थांबून, निःशब्द तपासणी करण्याच्या अभिनव पद्धतीबद्दल.’ सत्काराच्या भाषणात या पद्धतीमागची माझी विचारसरणी मी दहा मिनिटं उलगडून सांगितली. नंतर चार नवे निरीक्षक माझ्याकडे शिकायला पाठवले. त्यांच्या पोटऱ्या ठणठणीत होत्या, त्यामुळे त्यांना काही ते जमलं नाही.

खात्याबाहेर मात्र या पद्धतीला विरोध होता. माझी बायको कपडे शिवते, आणि तिच्या नजरेतून अर्धा इंचही सुटत नाही.

“अहो, लोकरीच्या दुकानात इतका वेळ काय बघत होतात? तुम्हाला सुई धरता येत नाही.”

“खात्याचं काम होतं.”

“रविवारी?”

मग नवा बूट डाव्या करंगळीला चावला. जखम ज्वारीच्या दाण्याएवढी. ती सहा आठवडे तशीच राहिली. मी तिला मोज्याआड व्यवस्थित ठेवली होती. पण एका संध्याकाळी गळ्यात टेप अडकवलेली बायको खाली बसली आणि तिने माझे दोन्ही पाय हातात घेतले.

“उजवा पाय माणसाचा आहे,” ती म्हणाली. “हा डावा किती गार! आणि यावरचे केस कुठे गेले?”

“वयानुसार होतं तसं.”

“वय एकाच पायाचं वाढलं का?”

दुसऱ्या दिवशी तिने मला दवाखान्यात नेलं. मधुमेह असलेल्यांच्या पायांच्या रक्तवाहिन्या तिथे तपासत होते. पद्धत सोपी: दंडाचा रक्तदाब घ्यायचा, घोट्याचा घ्यायचा, आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. एकाच्या आसपास आलं तर ठीक, पाऊण-अर्ध्यावर आलं तर पायाला रक्त कमी पोचतंय. मला हे शास्त्र एकदम पटलं. पलंगावर पडल्या पडल्या मी सिस्टरना विचारलं, “हे यंत्र शेवटचं कधी तपासलं?”

“परवा,” घोट्यावर जेल लावत त्या म्हणाल्या. “तुम्ही पाय कधी तपासले होते? आणि काका, आता बोलू नका, मला ठोके ऐकू येत नाहीत.”

उजवा पाय आला एक. डावा आला एक पूर्णांक बेचाळीस शतांश.

आमच्या कायद्यात जास्त माप देणं हा गुन्हा नाही. मी खुशीत बाहेर आलो आणि बाकड्यावरच्या पाच जणांना आकडा सांगितला. मेहुण्याला फोन केला. याच तपासणीत त्याचे पंच्याण्णव शतांश आले होते. “तुलाही जमेल, प्रयत्न सोडू नकोस,” असं मी त्याला म्हणालो. बायको मात्र सिस्टरच्या चेहऱ्याकडे बघत होती.

डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. “हा आकडा चांगला नाही. साखरेमुळे तुमच्या रक्तवाहिनीच्या भिंतीत चुना साचलाय. पट्टा कितीही आवळला तरी ती दबत नाही, म्हणून आकडा फुगतो. तुमच्या भाषेत सांगायचं तर...”

“काटा अडकलाय,” मी म्हणालो.

अडकलेल्या काट्याची किती दुकानं मी आजवर सीलबंद केली असतील! त्यांनी डाव्या पायाच्या अंगठ्याला एक बोटभर पट्टा बांधला. अंगठ्याची वाहिनी सहसा इतकी कडक होत नाही, म्हणून तो आकडा खरा सांगतो. दंडात एकशे चाळीस, अंगठ्यात छप्पन. शंभर ग्रॅमच्या जागी चाळीस.

“सदर पाय,” मी विचारलं, “कायम राहील ना?” घाबरलो की मी असंच बोलतो.

“आत्ता आलात म्हणून राहील. करंगळी काळी पडल्यावर आला असतात, तर मी असं सांगू शकले नसते. सिगारेट?”

“दोन.”

“आठ,” बायको म्हणाली. सत्तावीस वर्षं मी लोकांना खोट्या मापाबद्दल सुनावत होतो, आणि माझ्या घरात ती रोज माझी थोटकं मोजत होती.

पुढे पायाचा स्कॅन झाला, गोळ्या सुरू झाल्या, सिगारेट बंद झाली, दिवसाआड ड्रेसिंग. शिवाय रोज चालायचं: कळ येईपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. (म्हणजे दोन वर्षं मी करत होतो तेच, फक्त आता खोटं बोलायचं नव्हतं.) बायको माझ्या पावलाशी पाऊल जुळवून चालते. जखम नवव्या आठवड्यात भरली. मी आता साडेचारशे पावलं चालतो.

दुकानदारांना मी थांबण्याचं खरं कारण सांगून टाकलं. दोघांनी दुसऱ्याच दिवशी जुनी वजनं बाहेर काढली; त्यांच्यावर मी रीतसर खटले भरले. प्रशस्तिपत्र परत घ्यावं असा अर्जही केला. खात्याने कळवलं की परत घेण्याची तरतूद नाही.

पायांच्या तपासणीबद्दल मी आजवर तेवीस जणांशी बोललो. तेवीसच्या तेवीस जणांना ती अत्यंत आवश्यक वाटली, आणि प्रत्येकाने ती कोणी करून घ्यावी त्याचं नाव चटकन सांगितलं. स्वतःचं कुणीच नाही.

आत्ता तुमच्या मनात जे नाव आलं, ते चांगलंच आहे; त्यांना जरूर कळवा. आणि ‘आपल्याला कुठे साखर आहे’ असं म्हणून तुम्ही निश्चिंत झाला असाल, तर खात्याच्या वतीने एकच नम्र विचारणा: हे आपण कोणत्या मापाने मोजलंत, आणि त्या मापावर शिक्का कोणत्या सालचा आहे?