फैजपुरात पाच पाट्यांची पूजा

जळगावात कुठलीही नवी वस्तू आधी माझ्या दुकानात येते आणि मग गावाला कळते, असं मी पंच्याण्णव सालापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. त्या साली मी इलेक्ट्रॉनिक पाटीची एजन्सी घेतली. काचेवर पेनाने लिहायचं, पाटी ते वाचून जपून ठेवते. कंपनीची अट एकच होती. दसऱ्यापर्यंत पाच पाट्या विका, नाहीतर एजन्सी धुळ्याच्या निर्मलकुमारला. हा निर्मलकुमार माझा जुना प्रतिस्पर्धी. माझी फजिती त्याला माझ्याआधी कळते.

"पाच ना? चार दिवसांत खपवतो!" मी बायकोला सांगितलं.

बाजाराने माझा पार घामटा काढला. डॉक्टरांनी विचारलं, यात गेम आहेत का? वकिलांना खिशात मावणारी डायरी हवी होती, प्राध्यापकांना टेबलभर मोठा कॉम्प्युटर. एका हेडमास्तरांनी विचारलं, "मराठी वाचते?"

"सध्या फक्त आकडे आणि इंग्रजी. मराठी पुढच्या वर्षी."

"मग पुढच्या वर्षी या."

शेवटी फैजपूर गाठलं. केळीचे व्यापारी लखीचंद शेटजी यांना पाटी भलतीच आवडली. कुठल्या तारखेला किती घड कापायचे ते टिपायला बरी, म्हणाले. कापणीवरचा त्यांचा माणूस सुकदेव मात्र ती उलटीपालटी करून पाहत होता.

"लाईट गेली तं चालते का हे?"

"तीन तास चालते."

"अन् मंग?"

"मग लाईट येते," मी म्हणालो. सगळी पेढी हसली. तिकडे लाईट एकदा गेली की दिवसभर येत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

शेटजींनी मात्र एकदम पाच मागितल्या, एक स्वतःला आणि चार भावांना. मला तिथेच नाचावंसं वाटलं.

"पण लीलाधरभाऊ, खंडेनवमीला पूजा करू, मगच सौदा. नवं यंत्र आम्ही पूजेशिवाय वापरत नाही."

"अवश्य, शेटजी!"

इथेच मी मार खाल्ला. पूजेला एकच पाटी ठेवली असती तर चाललं असतं. पण त्या दिवशी मी उत्साहाने पाचही खोक्यांतून काढल्या, चालू केल्या आणि तराजू-कोयत्यांच्या रांगेत मांडल्या.

शेटजींच्या आई हीराबाई पुढे झाल्या. मी "मांजी, जरा बेताने" म्हणेपर्यंत पहिल्या काचेवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक उमटलं होतं. पाटीने ते इमानदारीने वाचलं आणि खाली उत्तर दिलं, ४४.

"चव्वेचाळीस काय?" शेटजी.

"घड," सुकदेव म्हणाला. "पन कोन्त्या मळ्यातले?"

मग त्याने नारळ फोडला. आतलं पाणी त्याने पाचही पाट्यांवर सारखं वाटलं, एकीलाही कमी पडू दिलं नाही. पहिली किंचाळली, दुसरी उजळली आणि विझली, उरलेल्या तिघी काही न बोलताच गेल्या.

"झोपल्या का रे?" हीराबाईंनी विचारलं.

"मेल्या, मांजी." मला खरंच रडू येत होतं. वाळवायला पंखा मागितला, तर लाईट गेलेली.

शेटजींना मनापासून वाईट वाटलं. "भाऊ, सौदा पूजेनंतरचा ठरला होता, तेव्हा पाट्या अजून तुमच्याच. पण मुहूर्त वाया घालवता येत नाही. कापणी टिपायला आज काहीतरी नवं घ्यावंच लागेल."

चौकातल्या दुकानातून लाल पुठ्ठ्याच्या पाच वह्या आणायचं ठरलं. पूजेवरून घरचं कुणी उठणार नव्हतं, सुकदेवचे हात नारळाने चिकट झाले होते. मोकळा मी एकटाच होतो.

दुकानदार खूश झाला. "एका फेरीत पाच! भाऊ, जळगावला आमच्या वह्यांची एजन्सी घ्या की."

पाट्यांची एजन्सी धुळ्याला निर्मलकुमारकडे गेल्यावर वह्यांची मी घेतली. बायको म्हणते, बरं झालं, या ओल्या झाल्या तर निदान दोरीवर वाळत तरी घालता येतील.