तक्ता क्रमांक सात

कोणतीही दोरी शिक्क्याशिवाय पाण्यात उतरू नये, याबद्दल सुसंस्कृत समाजात दुमत नाही. गळाच्या दोऱ्यांवर हा शिक्का परीक्षण कक्षातल्या परीक्षकबाई मारत. दोरीला गळ बांधायचा, गाठ थुंकीने ओली करून आवळायची (थुंकी कार्यालयीन वेळेतली असावी), यंत्रावर ताणायची आणि तक्ता क्रमांक सातमध्ये खूण करायची. रकाने दोन: ‘तुटली’ आणि ‘तुटली नाही’.

साध्या नायलॉनची गाठ बिचारी शेवटपर्यंत धरून राही आणि जोर फारच झाला की दोरी तुटे. म्हणून नायलॉन नापास. विणलेली दोरी गुळगुळीत. तिची गाठ निम्म्या जोरातच सरकून मोकळी होई. गेल्या वर्षी तिच्या चारशे बारा गाठी ताणल्या. तीनशे नव्वद सुटल्या, बावीस यंत्र बंद पडल्यामुळे बचावल्या. तुटलेल्या शून्य, म्हणजे दोरी विशेष गुणवत्तेत उत्तीर्ण.

बाईंनी ‘सुटली’ असा तिसरा रकाना मागितला. साहेबांनी त्यावर सात महिने विचार केला. कक्ष दोरीचा आहे, सुटते ती गाठ, आणि गाठ बांधतो कर्मचारी, असा निष्कर्ष निघाला. बाईंना तीन दिवसांच्या गाठ-प्रशिक्षणाला पाठवण्यात आलं. गाठ बांधता येणारं माणूस खात्यात एकच असल्याने शिकवायलाही त्याच होत्या. (दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाल्या.)

मग एके सकाळी त्यांचा धाकटा भाऊ विणलेल्या दोरीचं रीळ घेऊन आला. त्याचं घर गळावरच चालायचं.

“ताई, शिक्का तुझाच आहे ना? मग हीच नेतो.”

भावाला खरं सांगावं, तर बाईंच्या अकरा वर्षांच्या सह्या खोट्या पडत होत्या.

“तुटणार नाही,” त्या म्हणाल्या. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

आठवड्याने भाऊ परतला. जन्मात लागला नव्हता एवढा मासा लागला आणि गळासकट गेला. दोरी ताईच्या टेबलावर ठेवून तो निघून गेला. कक्षाने ती ‘प्रत्यक्ष वापरानंतरही शाबूत’ अशी चिठ्ठी लावून काचेच्या कपाटात मांडली. त्या कपाटासमोरून जायची बाईंना लाज वाटते.

हल्ली त्या पाचव्या मजल्यावर जिन्याने चढतात. लिफ्टच्या दोरांनाही तक्ता क्रमांक सातच लागू आहे, हे त्यांना ठाऊक आहे. तुमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये चौकटीत एक प्रमाणपत्र लावलेलं असेल. तुम्ही ते वाचलं नसणार, सही आहे एवढं पाहिलं असेल. काळजी नसावी. आजवर एकही दोर तुटलेला नाही.