बॉयलर खोलीतले तर्री-पोहे

"समुद्र नाही त नाही, पण नळाले तरी पाणी असू द्या ना जी!" युद्धनौका 'वज्रनाद'च्या तिकिटाच्या रांगेत माझ्यामागची बाई कुरकुरली.

स्मृती जपायला आधी समिती लागते, समुद्राचे नंतर पाहता येते. म्हणूनच एकाहत्तरच्या लढाईतली ही विनाशिका तुकडे करून, ट्रेलरवर लादून सावनेर रोडला आणली आणि पुन्हा जोडली. एकूण तुकडे दोनशे बारा. जोडल्यावर उरले नऊ (ते बागेत बाक म्हणून आहेत). मी समितीवर महिला प्रतिनिधी आहे. दुसरी कोणी तयार झाली नाही.

जतन मात्र चोख. तोफांना दर शनिवारी लिंबू-मिरची बांधतो. डेकवर लाइफ जॅकेट सक्तीचे आहे (दोघांत एक). बॉयलर खोलीला धुराडे आयतेच होते, तेव्हा उपाहारगृह तिथेच काढले. लढाईत त्या खोलीत जळून गेलेल्या अकरा खलाशांच्या नावांची पितळी पाटी सिलिंडरमागे सुरक्षित आहे. अभिप्रायवहीत एक्याण्णव टक्के लोकांनी 'अभिमान वाटला' असे लिहिले (तुम्हीही त्यातच असाल), उरलेल्यांनी 'तर्री फिकी'.

अडचण एकच, पारशिवनीच्या अंजनाबाई. त्या अकरांत त्यांचे मालक होते. घरी आले ते फक्त पत्र. तिथीच्या दिवशी, ते जिथे गेले तिथे त्यांचे पान ठेवायचे, एवढेच बाईंचे म्हणणे. पन्नासहून जास्त वर्षांनी ती जागा एसटीने जाण्याइतकी जवळ आली होती.

पहिल्या वर्षी अध्यक्ष गणपतरावांनी त्यांना नांगरापाशी नेले, दुसऱ्या वर्षी झेंड्यापाशी. 'बॉयलर खोलीचं काम चालू आहे,' हे दोन्ही वेळा मी सांगितले (अदबीने, हात धरून).

यंदा मी आणि गणपतराव पोहे खात असताना बाई विचारत विचारत स्वतःच उपाहारगृहाचा जिना उतरल्या. हातात डबा, त्यात पातोडी आणि भाकर.

"आजी, बाहेरचं चालत नाही जी इथं," पोहेवाली करिष्मा म्हणाली.

"मले कुठं खायाचं हाये, बाई? बॉयलरची खोली दाखव फक्त. माह्या माणसाचं पान ठेवाचं हाये."

करिष्माने माझ्याकडे पाहिले. मी गणपतरावांकडे. गणपतरावांनी पोह्यांवर लिंबू पिळले. बाकी सगळी टेबले माना खाली घालून खात होती. शहिदांबद्दलचा आदर आमच्याकडे असा शांतपणे व्यक्त होतो.

करिष्माने गॅस बंद केला.

"उठा जी सगळे! आजीचा माणूस इथंच जळून मेला, न् आपण बसून खाऊन राहिलो."