प्रोसेसरला ताप आला तेव्हा

"फुकटात वेग वाढवून देतो! प्रोसेसर स्वस्तातला असला म्हणून काय झालं? ओव्हरक्लॉक केला की बघ, महागड्याच्या तोंडाला फेस आणतो!" इंद्रजीतनं रविवारी दुपारी जाहीर केलं.

त्याची बायको मंजुषा घड्याळाकडं बघायला लागली. उस्मानपुऱ्यातल्या दोन खोल्यांत ती कॉम्प्युटरवर लग्नाचे अल्बम बनवायची, तेही सात महिन्यांची श्रेया झोपेल तेवढ्याच वेळात. शेंद्रा गावच्या नवरीचा अल्बम चारच्या आत पाठवायचा होता. उशीर झाला तर पुढचं काम दुसऱ्याला! उरलेल्या पानांना चाळीस मिनिटं पुरणार होती. श्रेया झोपायची पन्नास.

"अहो, दहा मिनिटं उरतात की मला!"

"वीस उरवतो!"

त्यानं सेटिंग वाढवलं. कॉम्प्युटर उधळलेल्या खोंडासारखा पाच मिनिटं पळाला आणि धाडकन बंद!

"जरा तापलाय, बस!" म्हणत त्यानं कॉम्प्युटरचं एका बाजूचं झाकण काढलं आणि पाळण्याकडं तोंड करून घोंघावणारा कूलर कॉम्प्युटरकडं वळवला. मे महिन्यात! श्रेयानं एक डोळा उघडला, मग दुसरा, मग तोंड!

गावाहून, देवगाव रंगारीहून आलेल्या सासूबाई, दगडाबाई, रडणं ऐकून धावत आल्या. त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला.

"आगं बया! ह्याला तर लई ताप हाय!"

आणि नातीचं तोंड पुसायला आणलेलं ओलं फडकं त्यांनी मायेनं त्याच्या डोक्यावर ठेवलं.

"आई! पाणी!"

"मंग? तापात पट्टीच ठेवत्यात. तुला नाय का ठेवायची? तू तर गप पडून तरी ऱ्हायचास!"

इंद्रजीतनं झडप घालून वायर उपटली. पुसापुशीत तीन वाजून गेले.

"पहिल्यासारखं करून द्या," मंजुषा म्हणाली. आवाज अगदी हळू होता, म्हणूनच तो घाबरला. सेटिंग जागेवर आलं, कूलर पाळण्याकडं वळला. पण श्रेया आता झोपते कशाला! अपराधी बापानं तिला खांद्यावर घेतलं आणि ओट्यापासून दारापर्यंत येरझाऱ्या सुरू केल्या. त्याचे केस तिच्या मुठीत, लाळ शर्टावर.

चाराला पाच कमी असताना अल्बम गेला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या मोनिकाचा फोन. "मंजू, आमचे हेपण म्हणतायत, ओव्हरक्लॉक करतो. फायदा होतो का गं?"

मंजुषानं दाराकडं पाहिलं. बाप दमून टेकलेला, लेक टक्क जागी.

"होतो की! लगेच करून घे," ती म्हणाली. "कॉम्प्युटर आहे तसाच राहतो, पण नवरा चाळीस मिनिटं लेकरू सांभाळतो!"