मिशी पाहूनच माल घ्यावा

आता सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या कुठल्याच गोष्टीवर आजवर कुणाचा बसलेला नाही, आणि हा मान मी सहजासहजी सोडणार नाही. अंतरवाली सराटीच्या चौकात मी तोंड उघडलं, तेव्हा टपरीवाल्या रामकिसननं आधीच हात जोडले.

"काका, एक तरी खरी सांगा."

म्हटलं, ऐक.

सन चौऱ्याऐंशी. जुन्या जालन्यात 'अप्पाराव छाप चहा' जोरात होता, म्हणून त्याची नक्कलही जोरात होती. अप्पारावांच्या जाहिराती मीच लिहायचो. मी तोड काढली. साप्ताहिकात पाव पान, मधोमध अप्पारावांचा फोटो, खाली ठळक अक्षरांत: 'नकली मालापासून सावध! अप्पारावांची मिशी पाहूनच माल घ्या.' मिशीही तशीच होती. एका कानाजवळून निघायची, नाकाखाली जरा दम खायची आणि दुसऱ्या कानाजवळ पोचायची.

गिऱ्हाईक पुडीवरची मिशी बघायचं, मग गल्ल्यावरची, मगच पिशवी पुढं करायचं. व्यवहार असा चोख चालला असताना अप्पारावांचे वडील वारले. दहाव्याला शहागडला, गोदावरीच्या काठी, कचरू न्हाव्यानं रीतीप्रमाणे अप्पारावांचं डोकं आणि मिशी उतरवली.

सुतक फिटल्यावर दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक तुळजाबाई. त्यांनी पिशवीतून पेपरचं कात्रण काढून अप्पारावांच्या तोंडाशी धरलं.

"मालक कुठं गेले?"

"अहो, मीच मालक."

"सगळे असंच म्हणून राह्यलेत. म्हणून तर पेपरात छापावं लागलं."

संध्याकाळपर्यंत गेल्या महिन्यातला चहाही परत येऊ लागला. काहींनी तर उकळलेला आणला.

मी दुसरी जाहिरात दिली. बिनमिशीचा फोटो, खाली 'हेच खरे अप्पाराव'. नकली लोक आता फोटो छापण्याइतके निर्ढावले आहेत, असा जनतेनं निष्कर्ष काढला.

घरी पत्नी प्रभावतीबाईंनी त्यांचं अंथरूण ओसरीवर टाकलं. "मला ओळखू येताय हो. पण शेजारणी काय म्हणतील? बाई नकली माल घरात घेती. मिशी येऊस्तोवर बाहेरच राहा."

अशात शहागडचा ट्रक ड्रायव्हर पुंजाराम पुडी घ्यायला आला. मिशी भरघोस. गिऱ्हाइकांनी त्याला उचलून गल्ल्यावर बसवलं. तो दोनदा ओरडला, "मी अप्पाराव न्हाई!" लोक म्हणाले, "इतका मोठा मालक, पण घमेंड बिलकुल न्हाई."

मग भेसळ खात्याचे निरीक्षक आले. दुकानात अप्पाराव दोन आढळले, पैकी एक जाहिरातीशी विसंगत. पंचनामा झाला: 'नकली अप्पाराव, नग एक, मिशीविरहित, बोलतो.' शर्टाच्या गुंडीला लाखेचं सील ठोकून त्यांना गोदामात जमा करण्यात आलं. तपासणीला नमुना पाठवण्याचा नियम होता. अप्पारावांनी नखं दिली.

मी कचरूला साक्षीला आणलं.

"साहेब, मिशी मीच उतरवली. माणूस असली हाय."

"म्हणजे मूळ लेबल तुम्ही काढलंत?" साहेबांनी त्यालाही आरोपी केलं.

आता उपाय एकच: खरा अप्पाराव असल्याचा सरकारी दाखला. तो पंधरा दिवसांत हजर न केल्यास जप्त माल नष्ट करण्याची तरतूद होती.

"नष्ट म्हंजे कसं करतेत हो?" अप्पारावांनी पोत्यांमागून विचारलं.

"मागच्या टायमाला मिरची होती," साहेब म्हणाले, "जाळली."

ऐकताना टपरीवर कुणी घोटसुद्धा घेईना. दोघे-तिघे तर अप्पारावांसाठी हळहळून चुकचुकले. मी पुढं सांगू लागलो. दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेदहाला मी कचेरीत गेलो. कारकून जागेवर होते. त्यांनी अर्ज घेतला, वाचला, आणि बाराच्या ठोक्याला सहीशिक्क्यासह दाखला माझ्या हातात...

"थांबा!" रामकिसननं चहाची गाळणी खाली आपटली. "मिशी बराबर, सील बराबर, माणूस जाळायचं बी बराबर. पण अर्ज दिला त्याच दिवशी दाखला? काका, आम्हाला इतकं बी येडं समजू नका!"