प्रिन्सच्या गोळीला आवाज असावा काय

शुक्रवारी सकाळी सव्वासहा वाजता अमिरातीतल्या उम्म अल कुवैनमधल्या ‘डीअर मेडोज’ या व्हिलांच्या वसाहतीत एका हरणाचा पुढचा डावा पाय मोडला. सूर्योदय-योगासाठी रहिवासी समितीने नवा लाकडी डेक बांधून घेतला होता. त्याच्या दोन फळ्यांमधल्या फटीत खूर अडकला आणि हरणाने उडी मारली. योगवर्ग तेव्हा सुरू व्हायचा होता. त्यामुळे वर्गात व्यत्यय आला नाही, अशी समाधानाची नोंद पुढे इतिवृत्तात झाली.

हरीण साधंसुधं नव्हतं. युरोपातून विमानाने आलेल्या ठिपकेदार कळपातला तो सगळ्यात मोठा नर. कानात पिवळा बिल्ला, डोक्यावर पंजासारखी पसरट शिंगं. व्हिला विकताना छापलेल्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर त्याचाच फोटो होता. रहिवाशांनी स्पर्धा घेऊन त्याचं नाव प्रिन्स ठेवलं होतं आणि त्याला कॉर्नफ्लेक्स घालू नयेत अशी पाटी लावून ते त्याला कॉर्नफ्लेक्स घालत.

कळपाची निगा राखणाऱ्या केरूने फळी उचकटून खूर सोडवला. प्रिन्स तीन पायांवर लंगडत घाफच्या, म्हणजे आपल्या शमीच्या, झाडाखाली गेला आणि तिथे उभा राहिला. केरूने मॅनेजरला फोन लावला.

मॅनेजर सूर्यकांत चिटणीस दुबईतल्या अल मनखूलच्या घरी चहा घेत होते.

“साहेब, हाड बाहेर आलंय. डोळ्यांनी बघवत नाही,” केरू म्हणाला.

“बघू नकोस. फोटो पाठव,” सूर्यकांत म्हणाले.

सूर्यकांतांची आखातातली अठरा वर्षं एका तत्त्वावर उभी होती. ज्या कागदावर आधी कुणाची तरी सही आहे, त्याच कागदावर आपली करायची. कोऱ्या कागदाखाली त्यांनी आजवर कधी सही केली नव्हती. लग्नातसुद्धा रजिस्टरवर विभावरीची सही आधी झाली होती.

ते पोचेपर्यंत जनावरांच्या डॉक्टर शहनाझ दुर्बीण लावून बसल्या होत्या. त्यांचं मत स्पष्ट होतं. पाय जुळणार नाही. जवळ गेलं की हरीण पळतं, आणि पळालं की जखम आणखी फाटते. लांबून बेशुद्ध करायच्या औषधाची परवानगी यायला आठवडा जाईल. बंदुकीची वर्षभराची परवानगी मात्र हातात आहे. तेव्हा बंदूक.

“आज ही,” डॉक्टर म्हणाल्या. “कल तक उसको खडा रखना जुल्म है.”

बंदुकीची परवानगी असण्याचं कारण रहिवाशांना माहीत नव्हतं. कळप दरवर्षी वाढे आणि दरवर्षी तेवढाच राही. हा चमत्कार जुलै-ऑगस्टमध्ये घडे, जेव्हा सगळी कुटुंबं मुलांच्या सुटीत पुण्या-मुंबईला जात. कार्यालयीन भाषेत त्याला ‘कळप-समायोजन’ म्हणत. परत आल्यावर मुलं विचारत, बाकीची कुठे गेली? मोठी माणसं सांगत, ती पण सुटीवर गेलीत.

पण हा नोव्हेंबर होता. हवा गोड झाली होती, आणि प्रत्येक व्हिलाच्या अंगणात कुणी ना कुणी कॉफी पीत बसलं होतं.

नऊच्या सुमाराला रास अल खोरहून नेमबाज अबुजर आला. वाऱ्याचा अंदाज घेत, दबक्या पावलांनी हरणाच्या टप्प्यात जायचं आणि एकाच गोळीत काम संपवायचं, हा त्याचा धंदा. त्याने गाडीतून लांब पेटी काढली, त्यातून रायफल काढली आणि शेजारी भरीव दांडक्यासारखं एक काळं नळकांडं ठेवलं.

“साहब, मॉडरेटर लगाऊं या ऐसे ही?”

“म्हणजे काय?”

नळीच्या टोकाला हे, म्हणजे सायलेन्सरच, बसवलं की स्फोटाचा दणका कमी होतो, अबुजरने सांगितलं. त्याचे कान वाचतात, बाकीचा कळप उधळत नाही. मात्र आवाज अगदी बंद होत नाही, कारण गोळी हवा फाडत जाते तिचा कडाका राहतोच. शिवाय बंदूक लांब आणि जड होते, आणि नळकांडं लावलं-काढलं की नेम पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

“तू नेहमी काय करतोस?”

“गर्मी में तो कोई पूछता नहीं. अब आप लोग घर पे हैं. यहां टिक कर दो, मैं चला.”

कागदावर दोन चौकोन होते. ‘मॉडरेटरसह’ आणि ‘मॉडरेटरविना’. दोन्ही कोरे. सूर्यकांतांनी पेन हातात घेतलं, टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. मग त्यांनी प्रश्न रहिवाशांच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकला. रहिवाशांना विश्वासात घेणं म्हणतात ते हेच.

अर्ध्या तासात क्लब हाऊसमध्ये समितीची तातडीची बैठक भरली. अध्यक्ष कुशल रेगे एका कानात यंत्र अडकवून आले होते. त्यांचा ऑफिसचा कॉल चालू होता आणि ते म्यूटवर होते.

“प्रिन्सबद्दल आम्हा सगळ्यांना फीलिंग्ज आहेत,” ते म्हणाले. “पण प्रोसेस इज प्रोसेस. चिटणीस, आपली नॉइज पॉलिसी काय सांगते?”

नॉइज पॉलिसी सूर्यकांतांना पाठ होती. गेल्या गणपतीत तिच्याच जोरावर त्यांनी ढोल-ताशा बंद पाडला होता.

“बस्स,” कुशल म्हणाले. “आज बंदूक वाजू दिली तर पुढच्या वर्षी पथकवाले विचारतील, बंदूक चालते आणि ढोल चालत नाही? आपण काय उत्तर देणार?”

“मग मॉडरेटर लावू या,” सूर्यकांत म्हणाले.

“घाई नको. न सांगता, आवाज न करता वसाहतीत बंदूक चालली हे उद्या कुणाला कळलं तर? लोक म्हणतील लपवलं. मला ट्रान्सपरन्सी हवी.”

“म्हणजे आवाज हवा?”

“आवाज नको. पण तो नव्हता हे सगळ्यांना कळायला हवं.”

समितीतल्या समिधा गद्रे यांचा मुद्दा वेगळा होता. दर गुरुवारी त्या डेकवर पितळी वाडगे वाजवून ध्वनिस्नान घालत, माणशी दीडशे दिरहॅम, म्हणजे जवळजवळ साडेतीन-चार हजार रुपये. “मी व्हायब्रेशन्समध्ये काम करते,” त्या म्हणाल्या. “त्याच्या कानावर पडणारा शेवटचा ध्वनी स्फोटाचा नसावा, एवढंच माझं म्हणणं. मी गाँग वाजवू शकते. आधी गाँग, मग हे लोक त्यांचं काय ते करतील.”

“गाँग ऐकून तो पळाला तर?” डॉक्टर शहनाझनी विचारलं.

“पळणार नाही. गाँगने रिलॅक्सच होतो माणूस.”

“वो हिरन है, मॅडम.”

ही टिप्पणी इतिवृत्तातून वगळण्यात आली. ‘सायलेन्सर’ हा शब्दही गुन्हेगारी वाटतो म्हणून वगळण्यात आला आणि त्याजागी ‘ध्वनी-सौम्यक’ घालण्यात आला. ‘मारणे’ऐवजी काय घालावं यावर बराच वेळ गेला. ‘निरोप’ या शब्दावर एकमत झालं.

तेवढ्यात केरू दारात आला. आत गालिचा होता, म्हणून तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

“साहेब, अजून उभंच आहे. पाणी ठेवलं, पीत नाही.”

“मीटिंग चालू आहे, केरू. त्याच्याचवर आहे.”

“हां साहेब. त्याला सांगतो.”

सूर्यकांतांनी त्याच्याकडे पाहिलं. केरूच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता, म्हणून त्यांना ती जास्तच लागली.

शेवटी कुशल रेग्यांनी तोडगा काढला. आवाज किती येतो हे कुणालाच ठाऊक नसताना मत देणं जबाबदार नागरिकांना शोभत नाही. तेव्हा आधी प्रात्यक्षिक. वाळूच्या उंच बांधावर एक गोळी मॉडरेटरविना, एक मॉडरेटरसह. मग मतदान. मग निरोप.

अबुजरने सांगितलं की आजच्या कामासाठी मोजून पाच गोळ्या मंजूर आहेत.

“एका हरणाला किती लागतात?”

“एक.”

“मग झालं की,” कुशल म्हणाले. “चार बजेटमध्ये आहेत.”

जुम्म्याची नमाज आटोपून अबुजर परत आला आणि प्रात्यक्षिक सुरू झालं. लोक घडीच्या खुर्च्या घेऊन आले. मुलांच्या कानांवर हेडफोन होते, आया फोनमधल्या आवाज मोजायच्या ॲपवर डोळे लावून बसल्या होत्या. कुणीतरी सामोसे आणले होते. एक आजोबा मुद्दाम घरातच थांबले, कारण आवाज घरात ऐकू येतो का हे तपासायला कुणीतरी घरात हवं होतं.

पहिली गोळी मॉडरेटरविना. दणका वसाहतीमागच्या खाडीवरून परत आला, बगळे उडाले, तीन गाड्यांचे अलार्म वाजले. कळप एका उडीत पलीकडच्या कुंपणापर्यंत गेला. प्रिन्सही निघाला. चौथा पाय नाही हे त्याच्या लक्षात राहिलं नाही. तो पडला, उठला, पुन्हा पडला. केरू धावत गेला आणि काही अंतरावर थांबला, कारण जवळ गेलं तर तो पुन्हा उठला असता.

“हे टू मच आहे,” एक बाई म्हणाल्या. त्या ॲपमधल्या आकड्याबद्दल बोलत होत्या.

दुसरी गोळी मॉडरेटरसह. दणका गेला, कोरडा कडाका उरला.

“आवाज आला की,” समिधा म्हणाल्या.

“बंदूक है, मॅडम,” अबुजर म्हणाला. “परदा नहीं है.”

शिवाय ती गोळी खुणेच्या वीतभर खाली लागली होती. नळकांड्याच्या वजनाने हे होणार हे त्याने सकाळीच सांगितलं होतं. नेम जुळवायला तिसरी गोळी गेली. ती बरोबर लागली. पण प्रात्यक्षिक सुरू झाल्यापासून कुशल रेग्यांचा कॉल अनम्यूट होता. सिंगापूरला ते “येस, येस, अॅब्सोल्यूटली” म्हणत होते, त्यामुळे त्यांनी मॉडरेटरची एकही गोळी धड ऐकलेली नव्हती. अध्यक्षांनी न ऐकता मत देणं घटनाबाह्य ठरलं असतं. चौथी गोळी त्यांच्यासाठी.

“नॉट बॅड,” ते म्हणाले. “पण कम्पॅरिझन कशाशी करू? पहिलीच्या वेळी मी कॉलवर होतो.”

सूर्यकांतांच्या घशाशी एक वाक्य आलं. ‘एकच उरली आहे.’ ते त्यांना स्वच्छ दिसत होतं, जणू समोर छापलेलं आहे. पण एकच उरली आहे असं अजून कुणीही म्हटलेलं नव्हतं, आणि एखादी गोष्ट पहिल्यांदा म्हणण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी अबुजरकडे पाहिलं. अबुजरने खांदे उडवले.

“मुझे तो विझिट का मिलता है, साहब. गोली आपकी है.”

पाचवी गोळी मॉडरेटरविना झाली. कुशल रेग्यांनी डोळे मिटून ती ऐकली. झाडाखाली प्रिन्स पुन्हा उठला आणि पडला. मतदानात ध्वनी-सौम्यक एकमताने मंजूर झाला. टाळ्या वाजल्या. सूर्यकांतांनी आनंदाने चौकोनात खूण केली. वर अध्यक्षांची सही होती.

“यल्ला,” कुशल म्हणाले. “आता उरकून घ्या.”

“किससे?” अबुजरने विचारलं. त्याने रिकामी डबी उलटी करून दाखवली. “खलास.”

नव्या गोळ्यांचा अर्ज करता येतो, पण शुक्रवारी दुपारनंतर नाही. शनिवार-रविवार सुटी. सोमवारी अर्ज, मंगळवारी इन्शाल्ला. अबुजरने रायफल पुसली, पेटीत ठेवली, विझिटच्या कागदावर सही घेतली आणि तो गेला. डॉक्टर शहनाझ गाडीत बसण्यापूर्वी सूर्यकांतांजवळ थांबल्या.

“सुबह आपने कोई भी एक टिक लगा दिया होता,” त्या म्हणाल्या. “कोई भी.”

घरी विभावरीने जेवण वाढता वाढता विचारलं, “अहो, सुटला का तो बिचारा?”

“निर्णय झाला,” सूर्यकांत म्हणाले.

“सो इज ही डेड?” त्यांच्या मुलीने, इराने विचारलं.

“प्रोसेसमध्ये आहे.”

“दॅट्स नॉट अ थिंग, बाबा.”

शनिवारी पहिली तक्रार आली. घाफच्या झाडाकडून आवाज येतो, असं तिच्यात म्हटलं होतं. प्रिन्स कण्हत होता. हरणाचं कण्हणं इतकं खोल आणि लांबलचक असतं याची माहितीपत्रकात कल्पना दिलेली नव्हती. संध्याकाळपर्यंत तक्रारींची संख्या इतकी झाली की नॉइज पॉलिसी आपोआप लागू झाली.

“चिटणीस, ते मॉडरेटर,” कुशल रेगे फोनवर म्हणाले, “फक्त बंदुकीलाच लागतं का?”

“म्हणजे?”

“नाही, सहज. त्या प्रिन्सला लावण्यासारखं काही असेल तर बघा. ठराव तर पासच आहे. त्यात ध्वनी-सौम्यक एवढंच लिहिलंय, कशाला लावायचा ते नाही.”

सूर्यकांतांनी ठराव काढून वाचला. खरंच लिहिलेलं नव्हतं. आणि खाली सही होती.

रविवारी सकाळी झाडाभोवती हिरवं कापड ताणण्यात आलं आणि चार बाजूंना चार स्पीकर बसले. समिधा गद्रे यांनी झऱ्याच्या खळखळाटाचं ध्वनिमुद्रण विनामूल्य दिलं. समूहावर सूचना गेली: ‘परिसरात शांतता पूर्ववत झाली आहे. सहकार्याबद्दल आभार.’ खाली हात जोडल्याच्या पंचवीसेक खुणा आल्या.

दुपारी त्याच समूहावर केरूचा संदेश आला. पाणी गळतीच्या तक्रारी घेण्यासाठी त्याला कधीतरी समूहात घेतलं होतं, हे सगळे विसरले होते. संदेश असा होता: ‘साहेब लोक, मी कापडाच्या आत आहे. ते जिवंत आहे. माझ्याकडे बघतंय. कोणी काही सांगेल का.’

रविवारी संध्याकाळपर्यंतची स्थिती अशी आहे. प्रिन्स जिवंत आहे. केरू कापडाच्या आत आहे. झरा खळखळतो आहे. सूर्यकांत चिटणीस यांनी फोनचा आवाज बंद केला आहे. केरूचा संदेश सर्व रहिवाशांनी वाचला असून प्रत्येकाच्या वाचण्याची निळी खूण त्यावर उमटली आहे. उत्तर कुणी दिलेलं नाही. आता तो तुम्हीही वाचला आहे. आपलं काही म्हणणं असल्यास ते सोमवारी कार्यालयीन वेळेत कळवावं. तोवर आपली गणना सहकार्य करणाऱ्यांत केली जाईल.